तीन वल्ही

मी होड्यांची इंजिनं दुरुस्त करते.
बेतूलच्या धक्क्यामागे, पत्र्याच्या शेडमध्ये,
जिथे साळ नदी समुद्राला मिळते
आणि वारा जाता जाता सगळ्यांवर मीठ टाकतो:
खिळ्यांवर, कुलपांवर, माझ्या कानातल्या रिंगांवर.

म्हणून इनासबाब बेस गिटार घेऊन आला
तेव्हा मी म्हटलं, हे माझं काम नव्हे.
तो म्हणाला, गंज तोच ना?

अकरा वर्षं खाटेखाली होता तो बेस.
त्याआधी जहाजावर, सातव्या डेकवर,
रोज रात्री म्हाताऱ्या गोऱ्यांना नाचवत.
पेटीतला फोम कुजून मानेला चिकटलेला,
क्रोमवर देवीचे वण,
तारांवरून बोट फिरवलं तर काव लागल्यासारखं लाल.
चार खुंट्यांपैकी दोन फिरल्या,
एक कण्हली,
एक नाहीच.

तारा टेकतात ती घोडी.
घोडीवर चार खोगीरं,
प्रत्येक खोगिराला दोन स्क्रू, तांदळाच्या कणीएवढे,
त्यांच्या षट्कोनी भोकांत गंज बसलेला
दाढेत कीड बसते तसा.
पण सगळीकडे सारखा नव्हता.
जाड तारेकडे दाट,
बारीक तारेकडे जवळपास नाहीच.

इथे तळहाताची कड टेकायची, तो म्हणाला,
नाद फार रेंगाळू नये म्हणून.
हात ठेवून दाखवला.
गंजाची कड आणि हाताची कड, एकावर एक.
मी उगाच समुद्राला बोल लावत होते.
हा घाम होता.

चुंबकांवर आधी चिकटपट्टी लावली,
नाहीतर घासताना उडालेला लोखंडाचा कीस
तिथे जाऊन बसतो, आणि मग कितीही फुंका.
सुटे भाग रात्रभर विनेगरमध्ये.
दुकानातल्या पांढऱ्या नव्हे, माडाच्या;
शेजारच्या एस्पेरांसनं लोणच्यासाठी ठेवलेली बाटली,
तिला अजून सांगितलेलं नाही.
सकाळी वाटीत काढ्यासारखं काळं पाणी.
सोड्यानं धुतलं, उन्हात वाळवलं,
सुईच्या टोकानं तेल सोडलं.
क्रोम परत आलं नाही. ते येत नसतं.

अडून बसलेल्या स्क्रूला
सोल्डरिंगच्या टोकानं शेक दिला, बाळंतिणीला देतात तसा.
सात निघाले.
आठवा तुटला.

भाच्याचं लग्न रविवारी, चिंचोण्याला.
मागवला तर दहा दिवस.
मी डबा उपडा केला, वीस वर्षांचा डबा,
आणि कुठल्याशा बुडालेल्या होडीच्या
कार्बोरेटरचा एक स्क्रू
चक्क बसला. दोन आटे लांब, एवढंच.

मग बेसच्या डोक्याकडे लक्ष गेलं.
तेच चिन्ह, इंजिनाच्या झाकणावर असतं ते:
वर्तुळात तीन वल्ही.
हीच कंपनी का रे तुझीही?
इनासबाब पहिल्यांदा हसला.
वल्ही नव्हेत ती, बाय.
सूर लावायचे चिमटे.

मी जवळ नेऊन पाहिलं. लांब नेऊन पाहिलं.
मला वल्हीच दिसतात.

शेडमध्ये कुठला ॲम्प.
त्यानं नव्या तारा चढवल्या,
बेसचं बूड लोखंडी टेबलाला टेकवलं
आणि जाड तार छेडली.
कानाला काही विशेष आलं नाही.
ट्रेमधले नट मात्र सरकले,
एकमेकांना लागले, थांबले.
बाहेर जाळं विणणाऱ्या रुझारनं मान वर केली,
कुठलं इंजिन लागलं म्हणून.

तो स्क्रू स्टेनलेस नाही, मी सांगितलं,
तुझा हात टेकतो तिथलाच आहे,
लवकर धरेल.

त्यानं मान हलवली.
तळहात शर्टाला पुसला, दोनदा,
आणि मग ठेवला.